भासऱ्याच्या हातातली नळी

माझ्या भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, मी लग्न झाल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. सुनेनं भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, ही आमच्या उंद्रीतल्या घराची रीत. काही सांगायचं असेल तर म्हशीकडं तोंड करून सांगायचं. "बाई वं, तुहा कडबा कोणीतरी उचलून नेला वाटते," असं मी म्हशीला म्हणायचे आणि भिंतीपलीकडं उत्तमराव खाकरायचे. त्या माणसाला मी पाण्यात पाहायचे, आणि तेही मला.

ती म्हैस मी माहेराहून आणलेली. गावात सरकारी दूधकेंद्र निघालं तेव्हापासून तिचं दूध माझ्या नावानं जायला लागलं. त्या घरात माझ्या नावाचं तेवढंच होतं. केंद्राचे अध्यक्ष मात्र उत्तमराव. मग गावाचं दूध नासून परत आलं, पुन्हा आलं, तेव्हा त्यांनी चारचौघांत माझ्या घराकडं बोट केलं.

"तिच्याच दुधानं सगळ्यायचं दूध नासून राह्यलं. तिचं नाव काढून टाका."

आमचे हे, निवृत्ती, शेजारीच उभे होते. थोरल्या भावापुढं यांच्या तोंडून ब्र निघत नाही. घरी आल्यावर मी यांना जे बोलले ते सांगण्यासारखं नाही.

नाव काढण्याआधी तपासणी करावी लागते, म्हणून तालुक्याहून दूध तपासणारे वामनराव आले. उतरले अर्थातच अध्यक्षांकडं, जेवलेही तिथंच. केंद्रावर त्यांनी प्रत्येकाचं दूध वेगळ्या काचेच्या नळीत घेतलं, गळ्याशी नावाची चिठ्ठी बांधली, निळं औषध टाकलं आणि बुचं लावून नळ्या कोमट पाण्यात उभ्या केल्या. दुधातले जंतू दुधात मुरलेली हवा खाऊन टाकतात, म्हणाले. हवा संपली की निळा रंग जातो. जंतू जितके जास्त तितका रंग लवकर जाणार. आणि नळी कोणी हलवायची नाही, वरची हवा आत शिरली की रंग परत येतो. हे सगळ्यांनी ऐकलं, उत्तमरावांनीही.

मी पदर ओढून कोपऱ्यात बसले. माझी नळी निळीच राहिली. बाकीच्यांच्याही निळ्या. एक मात्र फिकी पडत गेली आणि बघता बघता पांढरीफटक झाली. चिठ्ठी उत्तमरावांची होती.

मला नवल वाटलं नाही. त्यांच्या दुधाच्या कॅना गडी नुसत्या विसळायचा आणि ओल्याच झाकून ठेवायचा. उन्हात पालथी घातलेली कॅन त्या अंगणात मी कधी पाहिली नाही.

उत्तमराव उठले, नळी उचलली आणि ताक घुसळावं तशी गदागदा हलवली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दूध पुन्हा निळं.

"पाहा," ते म्हणाले, "निळं हाय का नाही?"

चोराच्या उलट्या बोंबा. वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि खाल्ल्या मिठाला जागले. मग उत्तमरावांनी माझं नाव काढायला सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. मी उठून उभी राहिले. त्यांना काय म्हणून हाक मारायची तेही मला ठाऊक नव्हतं, कधी मारलीच नव्हती.

"नळी हालवू नका," मी म्हणाले. "हातात तशीच धरा."

ते इतके दचकले की त्यांनी खरंच ती तशीच धरली. सगळे नळीकडं पाहत राहिले. दूध घालायला आलेल्या जानरावांनी तंबाखू मळायला घेतली होती. ती तोंडात जायच्या आत त्या हातातलं दूध पांढरं झालं. वर जिथं हवा लागते तिथं निळी रेघ तेवढी उरली.

"आता पुन्हा हालवा," मी म्हणाले. "दिवसभर हालवतच बसता का?"

वामनरावांनी मान खाली घालून कागदावर उत्तमरावांचं नाव लिहिलं. त्यांचं दूध बंद झालं, माझं चालू राहिलं.

काल भिंतीपलीकडून आवाज आला. उत्तमराव त्यांच्या म्हशीला सांगत होते, कॅना कशा धुवायच्या ते कोणी दाखवलं तर बरं होईल.

मी माझ्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

"काऊन वं," मी तिला विचारलं, "त्यायले तोंड नाही का?"