पहिल्या नंबरचे डबे

नानांनी मायक्रोवेव्हमधून डबा बाहेर काढला तो वाकडाच. डब्याचा तळ आत ओढला गेला होता, एक कड मेणासारखी लवली होती आणि मधोमध ठमीचं कुस्करलेलं गाजर वाफाळत होतं.

गाजर त्यांनी तडक कचऱ्यात टाकलं. आठ महिन्यांची नात भुकेनं टेबल बडवत होती. तिला केळं भरवताना त्यांचा चमचा दोनदा नाकावर गेला.

सूनबाई सकाळी जेवण शिजवून काचेच्या भांड्यात ठेवून कामावर जायची. ते छोट्या डब्यांत वाटून, वर तारखेची चिठ्ठी लावायची हौस नानांची. जन्म ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक देण्यात गेलेला. डब्यांच्या बुडाशी त्रिकोणात आकडे दिसले तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! नातीला दुय्यम कशाला, म्हणून त्यांनी शोधून शोधून एक नंबरचे डबे घेतले. बाजारातून फळं येतात तसले, पातळ, पारदर्शक. पाच नंबरचे जाडजूड डबे खिळे ठेवायला काढले.

ठमीला कडेवर घेऊन ते कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाईंनी वाकडा डबा उलटा केला आणि कपाळाला हात लावला.

"आजोबा, हा काय परीक्षेतला पहिला नंबर आहे? प्लास्टिक कुठल्या जातीचं, एवढंच सांगतो तो. हे पाण्याच्या बाटल्यांचं. गार ठेवायचं, एकदा वापरायचं, टाकून द्यायचं."

"मग पाच?"

"ते उष्णता सोसतं. पण त्यावरही मायक्रोवेव्हची खूण हवी. आणि खूण असली तरी डबा वितळणार नाही, इतकंच. अन्नात काहीच उतरणार नाही असं नाही. ओरखडे पडले की तोही बाद. लेकराचं काचेतच गरम करा, मी तर म्हणते."

"आणि आतापर्यंत पोटात गेलं ते?"

"मी भांडी विकते हो. ते डॉक्टरांना विचारा."

घरी येऊन नानांनी सगळं काचेत ओतलं, डबे फेकले, आणि मग काही सुचेना. दार उघड, खिडकी लाव, ठमीचं कपाळ चाचप. ठमी आपली मजेत पाय चोखत होती. सूनबाईनं मनाचा हिय्या करून पोर त्यांच्या हवाली केली होती. पाळणाघरातली जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती, आणि महिना संपायला दोन दिवस होते. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? तोच सूनबाईचा फोन आला.

"नाना, जेवली का?"

"जेवली," ते म्हणाले आणि स्वतःशीच ओशाळले.

संध्याकाळी ती चपला काढत होती तोच त्यांनी सांगून टाकलं. "चौदा दुपारी. चौदाही दुपारी तिचं जेवण मी वितळणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात गरम केलं."

सूनबाईनं चप्पल तशीच सोडली. तिनं ठमीला उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन डॉक्टरांना फोन लावला. नाना दाराबाहेर येरझारा घालत राहिले. आतून नुसतं "हो... हो... नाही, उलटी नाही" ऐकू येत होतं.

ती बाहेर आली. "खातेय, खेळतेय, तर घाबरू नका म्हणाले. पण पुन्हा करू नका."

"पाळणाघराला कळव तू," नाना खाली बघत म्हणाले. "मी रागावणार नाही."

"कळवायचं की नाही ते मी उद्या ठरवीन. उद्या उशिरा जातेय. दुपारचं तुम्ही गरम करायचं, तुम्ही भरवायचं, मी बघणार. मध्ये बोलणार नाही."

"बोल की. चुकलं तर बोलच."

"बोलेन तर! सोडते की काय!" ती म्हणाली, आणि ठमीला त्यांच्या हातात देऊन तोंड धुवायला गेली.