पुठ्ठ्यामागची जागा

बाबांची तेरवी झाल्यावर मी त्यांचं एकुलतं एक रीळ प्रोजेक्टरवर चढवलं. पुष्पाआत्याने भिंतीवर चादर लावली. सानगडीच्या शेताकाठची बाज. डावीकडे आई, उजवीकडे पाच वर्षांची मी. आई माझ्याकडे वळून हसते, मी तिच्याकडे हात करते. आई त्याच वर्षी, एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली गेली. तिचा एकच स्पर्श मला आठवतो, तो त्या बाजेवरचा. खरखरीत, गरम तळवा.

बाबा दाखवायचे तेव्हा चित्र वहीएवढं असे. आज ते मोठं दिसलं. आईच्या मागे धान हिरवं होतं, माझ्या मागे त्याच शेताची कापणी झालेली बांधी. मधे धुरकट उभी रेघ. माझा हात त्या रेघेपाशी संपत होता.

"आत्या, हे एकाच दिवशीचं नाही?"

"नाही माय." आत्या सुपारी कातरत होती. "भाऊले खूळ होतं. अर्ध्या भिंगापुढं काळा पुठ्ठा लावायचा, वहिनीले काढायचं. मंग रीळ मागं फिरवायचं, पुठ्ठा दुसऱ्या बाजूले, अन् पुन्हा वहिनी. एका बाजेवर दोन वहिन्या. म्या म्हटलं, आधी एक तं सांभाळ."

"मग?"

"दुसरी काढाच्या आधी ढग आले. भाऊ म्हणे, पुढच्या खेपेले. तवर वहिनीच गेली. रीळ कॅमेऱ्यातच होतं. धान कापल्यावर, गोठ्याच्या ज्या कोनाड्यातून वहिनीले काढलं, त्याच कोनाड्यात त्यानं कॅमेरा ठेवला, अन् तुले बसवलं."

रीळ थांबवता येत नव्हतं, दिव्याने जळलं असतं. आई अजून हसत होती. म्हणजे रिकाम्या बाजेकडे बघून, जिथे नंतर ती स्वतःच बसणार होती.

"पण माझा हात कोणीतरी धरला होता."

अडकित्ता थांबला. "म्याच. तू एकटी बसेना. पुठ्ठ्यानं ती बाजू झाकली होती, म्या बसली तरी रिळात येत नव्हती. भाऊ म्हणे, हात धर तिचा, म्हणजे तिकडं पाहील."

"बाबा कधी बोलले नाहीत."

"तू गावभर सांगत फिरे, मायनं हात धरला म्हणून. कोण सांगन तुले?"

रीळ संपलं. चादर नुसती पांढरी झाली. तळवा मला अजूनही तसाच आठवत होता, खरखरीत आणि गरम. तो आईचा नाही, हे कळून तो जरासुद्धा पुसट झाला नव्हता.

"पुन्हा लावतं का?" आत्याने विचारलं.

मी लावलं. पण रेघेच्या कोणत्या बाजूला बघावं, ते मला कळेना.