अकरा दुपारी

सकाळी साडेनऊला पोलिसांची चार माणसं दारात उभी राहिली, तेव्हा वहिनींना फारसं नवल वाटलं नाही. "आली एकदाची," एवढंच त्यांच्या मनात आलं.

भाऊजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, चार वर्षांपूर्वी महिनाभर राहतो म्हणून आले आणि मागच्या खोलीत ठाण मांडून बसले. लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. खोलीचं दार कायम लोटलेलं. काय चाललंय विचारलं तर, "काही नाही." काही नाही म्हणणाऱ्याचंच काहीतरी असतं, असं वहिनींचं ठाम मत. त्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या आणि "कुठे दुखत नाही हो" म्हणणाऱ्यांची मोडलेली हाडं रोज बघायच्या.

अधिकाऱ्याने उभ्या उभ्याच कागद वाचून दाखवला. दुसऱ्या एका देशाच्या बंदर खात्याच्या कॉम्प्युटरमध्ये या घरातून कोणीतरी शिरलं होतं, गुप्त कागद उतरवून घेतले होते. त्या देशाने आता माणूस मागितला होता.

"मागितला म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"प्रत्यार्पण. म्हणजे आम्ही पकडून त्यांच्या हवाली करायचं. खटला तिकडे, शिक्षाही तिकडे."

"शिक्षा किती?"

"इथे खटला चालला तर दोनेक वर्षं, बाई. तिकडे वीस-पंचवीसच्या आत सोडत नाहीत."

भाऊजींनी शर्टाची बटणं लावली, चपला घातल्या आणि गेले. मी नव्हे, असं एकदाही म्हणाले नाहीत. पोलिसांनी सगळे कॉम्प्युटर, वायरींचं भेंडोळं, वर बंद पडलेला रेडिओसुद्धा नेला.

"मी कानीकपाळी ओरडत होते ना?" दार लागताच वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "अस्तनीतला निखारा!"

भाऊजी थोरल्या भावाला दादा म्हणत, म्हणून अख्खी गल्लीच त्यांना दादा म्हणायची. छापखान्यात प्रूफं तपासायचं काम, तेही संध्याकाळच्या पाळीला. दोन वर्षांपूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून आधीच कमी बोलणारा माणूस अगदीच मिटून गेला होता. त्या दिवशीही ते "हं" म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

आठवड्याने भाऊजींच्या वकीलबाईंनी बोलावलं. दादांना बरं वाटत नव्हतं, म्हणून वहिनी एकट्याच गेल्या. दोन मजले चढून, झेरॉक्सच्या दुकानावरची अरुंद खोली. टेबलावर जाडजूड फाईल.

"अकरा वेळा आत शिरलेत," वकीलबाई म्हणाल्या. "आपल्या वेळेप्रमाणे दुपारी दोन ते चार. या तारखा. यातली एखादी तरी आठवते का बघा."

वहिनी बोट फिरवत खाली आल्या आणि यादीतल्या आठव्या तारखेवर थांबल्या. आठ, नऊ, दहा. सलग तीन दिवस. त्या तीन दिवसांत भाऊजी मूतखड्याने लोळत होते, त्यांच्याच हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर. सलाईन लावलेलं. त्यांचा एक्स-रे वहिनींनी स्वतः काढला होता आणि वर टोमणाही मारला होता, "बसून बसून दगड झालाय."

"सुटले!" असं तोंडावर आलं होतं. पण शब्द ओठातच अडकला. भाऊजी हॉस्पिटलात, त्या ड्युटीवर. दुपारी दोन ते चार घरात मग कोण होतं?

"काही आठवतंय?" वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी 'काही नाही'वाल्यांच्या रांगेत नंबर लावला होता.

घरी आल्यावर तोच माणूस त्यांना वेगळा दिसायला लागला. दादा भाजी चिरत होते. एकसारखे तुकडे, घाई नाही. सत्तावीस वर्षांचा संसार, आणि हा माणूस दुपारचं काय करतो हे आपण कधी विचारलंच नाही?

"तुम्ही दुपारी झोपता ना हो?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"झोपतो की. डॉक्टरांनी सांगितलंय."

सुरी मात्र क्षणभर थांबली होती. वहिनींनी ते बरोबर टिपलं. पुढचे दोन दिवस त्या पाळत ठेवल्यासारख्या वागल्या. खिसे चाचपले, कपाट उपसलं, छापखान्यात फोन करून पाळीची वेळ विचारली. स्वतःचीच लाज वाटत होती, पण हात थांबत नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्या तुरुंगात भाऊजींना भेटायला गेल्या. मध्ये जाड काच, बोलायला फोन.

"तुम्ही तर वॉर्डात होता," वहिनींनी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, हॉस्पिटलातला तो केसपेपर आहे तिथेच राहू द्या."

"पंचवीस वर्षं जाल तुम्ही!"

"दादा तिकडे गेला तर पंचवीस आठवडे नाही टिकणार. मी धडधाकट आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हॉस्पिटलातून आल्यावर कळलं. माझ्याच मशीनवर बसला होता ना. का बसला, ते त्यालाच विचारा."

वहिनी बसने न जाता चालत घरी आल्या. चार वर्षं ज्या माणसाला त्यांनी परका धरला, तो नवऱ्यासाठी मान पुढे करून बसला होता. आणि ज्याला आपला धरला, तो खुशाल झोपलो म्हणून सांगत होता. रागाने त्यांच्या डोक्याची शीर उडत होती.

"उठा," त्या दादांना म्हणाल्या. "आणि आता खरं सांगा."

दादांनी पलंगाच्या गादीखालून एक पाकीट काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

दादांचे वडील मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होते. एकोणतीस वर्षांपूर्वी जहाज त्या देशाच्या बंदराजवळ बुडालं. सर्व खलाशी समुद्रात गेले, असं पत्र आलं. प्रेत मिळालं नाही. आईने आणि पुढे दादांनी कितीतरी अर्ज केले. उत्तर दर वेळी तेच: अशी नोंद नाही.

पाकिटातल्या कागदावर नोंद होती. नऊ खलाशी जिवंत काढले. परवाने नाहीत म्हणून बंदराच्या कोठडीत ठेवले. पाचव्या क्रमांकावर वडिलांचं नाव, आणि पुढे मृत्यूची तारीख. जहाज बुडाल्यानंतर चार महिन्यांची.

"चार महिने जिवंत होते," दादा म्हणाले. "आणि आम्ही घरी तेरावंही उरकून बसलो होतो."

"पण तुम्हाला जमलं कसं हे सगळं?"

"धाकटा एकदा बोलता बोलता म्हणाला होता, सरकारी खाती पासवर्ड बदलत नाहीत. खात्याचं नाव आणि साल. दुसऱ्या खेपेला दार उघडलं. मग अकरा दुपारी नुसतं वाचत बसलो. चूक शोधायची सवयच आहे."

"आणि भावाला अडकवलंत."

"मी जाणार होतो सांगायला. रोज सकाळी ठरवायचो." दादांची मान वर होईना. "पाय उचलत नव्हता."

"मला सांगायला काय झालं होतं? दोघं भाऊ एकमेकांना झाकताय, मी काय इथे भाड्याने राहते?"

वहिनींनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग पदराने डोळे पुसून उठल्या. "उद्या हॉस्पिटलातून केसपेपर आणते. तुम्ही शर्ट इस्त्री करून ठेवा. कोर्टात चुरगळलेले जायचं नाही."

सुनावणीला दादा स्वतःच उठून उभे राहिले. भाऊजी ओरडले, "दादा, बस खाली!" पण दादा बसले नाहीत, सगळं सांगितलं. वकीलबाईंनी केसपेपर आणि खलाशांची नोंद न्यायाधीशांपुढे ठेवली.

न्यायाधीशांनी परदेशाच्या वकिलाला विचारलं, "हा कागद तुमच्याकडूनच चोरीला गेला ना?"

वकिलाने कागद पाहिला आणि तो गडबडला. हो म्हणावं, तर एकोणतीस वर्षांची उत्तरं खोटी. नाही म्हणावं, तर चोरी कसली झाली? त्याने दोन आठवड्यांची मुदत मागितली.

दहाव्याच दिवशी पत्र आलं. मागणी मागे घेतली होती. कारण दिलेलं नव्हतं.

भाऊजी सुटले. दादांनी गुन्हा कबूल केला होता, त्यामुळे इथल्या कायद्याने चौदा महिन्यांची शिक्षा झाली, तुरुंगाच्या दवाखान्याशेजारच्या बराकीत. त्या देशाला भाऊजींनी रीतसर अर्ज केला आहे: वडिलांना पुरलं कुठे? उत्तर अजून नाही.

पहिल्या भेटीला वहिनी फोन कानाला लावून काचेपलीकडे बघत राहिल्या. दादा वाळले होते, पण चेहऱ्यावरचं मळभ गेलं होतं.

"अहो, आणखी काही लपवलंय का?"

"नाही."

वहिनींनी त्यांचे डोळे, हात, मान, सगळं निरखून पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. विश्वास ठेवायचा हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. तो बसायला मात्र वेळ लागणार होता, आणि वेळ दोघांकडेही भरपूर होता.