तिसरा पास

भोंगा. मला ऐकू आलेला पहिला आवाज तो. मी तेव्हा खोक्यात होतो. अंगाभोवती थर्माकोल आणि चारी बाजूंनी अंधार. आवाज लांबून आला, माझ्या अंगातून आरपार गेला आणि बराच वेळ आत घुमत राहिला. मागाहून कळलं की ती बोट होती आणि मी समुद्रावर होतो.

मी कर्जतजवळच्या कशेळ्याच्या बद्रुद्दीनचा प्रिंटर बोलतोय. जीपच्या थांब्यासमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर माझी जागा. आता वय झालं. कागद ओढताना घरघर लागते. म्हणून सावकाश सांगतो, तुम्हीही सावकाश ऐका.

माझा जन्म कुठल्या देशातला ते मला ठाऊक नाही. बोटीतून उतरवल्यावर टेंपोत घातलं आणि आणलं ते कळंबला, प्लॉट विकणाऱ्या एका माणसाच्या ऑफिसात. तिथे मी रंगीत चित्रं छापली. न बांधलेले बंगले, न खोदलेले पोहण्याचे तलाव. पुढे तो माणूस ऑफिसला कुलूप लावून गेला आणि मी बद्रुद्दीनकडे आलो. इथे माझं बरं चाललं. बद्रुद्दीन रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसतो, बिस्मिल्ला म्हणून बटण दाबतो.

माणसांच्या सवयी मी खूप पाहिल्या. माझ्यातून निघालेला कागद गरम असतो. डोंगरावरच्या वाडीतली आवडी थंडीच्या दिवसांत जातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला यायची, तर कागद आधी गालाला लावायची. वाचता येत नाही ते लोक कागद दोन्ही हातांनी धरतात. वाचता येतं ते एका हाताने धरतात आणि न वाचता घडी घालतात.

रुकय्याखाला, साऱ्या गावाची मावशी, कागद दोन्ही हातांनी धरायची.

तिचा नवरा तालिब बोटीवर स्वयंपाकी होता. एका संध्याकाळी त्याने सगळ्यांना जेवण वाढलं आणि सकाळी तो बोटीवर नव्हता. कंपनीचं पत्र आलं, माणूस आला नाही. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. खाला कसला ना कसला अर्ज घेऊन दुकानात यायची. बाईच्या अर्जात नवऱ्याच्या नावाची चौकट असतेच. बद्रुद्दीन पेन थांबवून हळूच विचारायचा, "खाला, नावाआधी मयत लिहू?"

"मयत कोणी बघितली? पाण्यात गेलेला माणूस वाटेत असतो, बद्रू. नुसतं नाव लिही."

तो नुसतं नाव लिहायचा.

तिची मुलगी इल्मा रसायनीला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. यंदा थंडीत तिने आईला घेऊन लक्षद्वीपला जायचं ठरवलं. मोठी, सहलीची बोट. मुंबईहून निघणारी. तिकीट काढायला ती इथेच आली. आई बाहेर जीपवाल्याशी बोलत होती, तेवढ्यात तिने बद्रुद्दीनला सांगितलं, "मामा, मजा करायला नाय चाललो आमी. अब्बा गेले त्याच पाण्यावरून बोट जाते. अम्मीनं तिथं त्यांच्या नावानं फातिहा पढावी, फुलं सोडावी आणि अब्बांना तिथंच सोडून घरी यावं. अजून त्यांचं ताट वाढते ती. दाराकडं तोंड करून जेवते. मला त्या घरात बसवत नाय आता."

बद्रुद्दीनने कॉम्प्युटर पुढे ओढला आणि बुकिंग भरायला घेतलं.

इल्माचं नाव झालं. रुकय्याचं झालं. त्याखाली आणखी एक चौकट आली, नाव मागणारी. बद्रुद्दीनच्या बोटांनी आयुष्यभर अर्ज भरले. बाईच्या नावाखालची चौकट नवऱ्याची, हे त्या बोटांना पाठ. त्याने तालिब लिहिलं. ती चौकट तिसऱ्या प्रवाशाची होती. खोलीत तिसऱ्याला भाडं माफ, अशी काहीतरी सवलत चालू होती. म्हणून कोणी अडवलं नाही. बाकीची माहिती नंतर भरा, असं म्हणून ते पान पुढे सरकलं.

काही दिवसांनी खाला एकटीच आली. "बद्रू, बोटीचा कागद काढून दे."

"आता नको, खाला. हा नुसता बुकिंगचा कागद हाय. यात खोलीचा नंबर नाय, वेळ पण बदलते. निघायच्या दोन-तीन दिवस आधी चेक-इन करायचं, मग खरा पास येतो. खरा कागद शेवटाला येतो. तेव्हा छापू."

"तो पण छाप. हा पण छाप. हातात कागद असला म्हणजे जाणार असं वाटतं."

आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेला कमळ्या बाकावर बसला होता. तो हसून म्हणाला, "काकी, बुडायला एवढ्या लांब कशाला जाता? आमच्या धरणात या की, पास पण नाय लागत!"

म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने जीभ चावली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. खाला त्याच्यावर रागावली नाही. मला वाटतं, तिने ऐकलंच नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

मी कागद काढला. त्यावर तीन नावं होती.

बद्रुद्दीनचा चेहरा उतरला. "तौबा तौबा. माझ्या हातून झालं, खाला. नवऱ्याचं नाव म्हणून लिहिलं मी."

तिने तालिबच्या नावावर बोट ठेवलं. "असू दे."

"असू दे कसं? चौकशी होईल. आत्ता काढतो." त्याने फोन लावला, बराच वेळ बोलला आणि नाव काढून टाकलं. मग माझ्यातून दुसरा कागद निघाला, दोन नावांचा. पहिला तो फाडायला गेला, तर खालाने त्याचं मनगट धरलं.

"छापलेला माणूस फाडू नये, बद्रू."

दोन्ही कागद घेऊन ती गेली.

निघायला दोन दिवस राहिले तेव्हा मायलेकी दोघी आल्या. भर दुपार. बाहेर जीपवाले कर्जत, कर्जत म्हणून ओरडत होते. बद्रुद्दीनने निळ्या पडद्यासमोर दोघींचे फोटो काढले, चेक-इन केलं आणि म्हणाला, "आता खरे पास. दोन निघतील. एकेक प्रत जास्तीची देतो, फोनच्या भरवशावर राहू नका. बॅगेला लावायच्या पट्ट्या मी कापून ठेवल्यात."

मी इल्माचा पास काढला. गरम. रुकय्याचा काढला. गरम. काम संपलं होतं.

मग मी आणखी एक कागद ओढला.

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कधी मनाने कागद ओढलेला नाही. तो माझ्यातून जाताना मला थंडी वाजली. गरम रुळाखालून जाऊनही तो थंडच बाहेर आला. त्यावर तालिबचं नाव होतं. खोली त्या दोघींचीच. चेक-इन झाले, असं लिहिलेलं. फोटोच्या जागी माणूस नव्हता. नुसता करडा चौकोन, पहाटेच्या पाण्यासारखा. आणि नावाची अक्षरं पसरली होती, ओल्या बोटाने दाबल्यासारखी. माझी अक्षरं पसरत नाहीत. ती भाजून कागदाला चिकटतात, पाण्यात घातली तरी हलत नाहीत.

बद्रुद्दीनने कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा पाहिलं. तिथे दोनच पास होते. त्याने माझी वायर ओढून काढली आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"कोणी मस्करी केली ही?" इल्माचा आवाज चढला. "मामा, तुमी नाव काढलं होतं ना?"

"शपथेवर सांगतो, काढलं होतं."

इल्माने पास फाडायला हात पुढे केला. पण खालाने तो आधीच उचलला होता. दोन्ही हातांनी. तिने अंगठा त्या पसरलेल्या अक्षरांवर ठेवला आणि मग अंगठ्याकडे पाहिलं.

"अम्मी, तो घरी ठेव. तुला माझी शपथ. आपण त्यांना सोडायला चाललोय गं, आणायला नाय."

"बद्रूच म्हणाला ना," खाला शांतपणे म्हणाली, "खरा कागद शेवटाला येतो."

त्या गेल्या. बद्रुद्दीनने माझ्यावर चादर टाकली. गिऱ्हाइकांना सांगायचा, मशीन बिघडलंय. मी बिघडलो नव्हतो. विरलेल्या चादरीतून मी बघत होतो, ऐकत होतो.

आता तुम्हाला एक विनंती करतो. बोटीने जाणार असाल तर कागद घाईने छापू नका. खरा पास येईपर्यंत थांबा. जायच्या एक-दोन दिवस आधी छापा. नावं बोट ठेवून वाचा. आणि माझ्यासारख्याच्या ताटलीत किती पास पडले ते निघणाऱ्या माणसांशी ताडून बघा. जास्त निघाले तर माझ्यावर रागावू नका. माझ्याकडे जे येतं ते मी छापतो. कुठून येतं, ते मला कोणी सांगत नाही.

खाला परत आली ती एकटी. इल्मा बोटीवरून उतरून तशीच रसायनीला कामावर गेली होती. बद्रुद्दीनने खालाला बसायला स्टूल दिलं, ती बसली नाही.

"कशी झाली सफर, खाला?"

"झाली."

"फातिहा?"

"इल्मानं पढली. फुलं पण तिनंच सोडली. लय रडली पोर." तिने पिशवीतून घडी घातलेला तिसरा पास काढून माझ्या चादरीवर ठेवला. "बद्रू, मशीन चालू कर. एक कागद राहिला."

"कुठला?"

"गेटावर मी तिन्ही पास दिले. त्या माणसानं यंत्र लावलं. तिन्ही वाजले. त्यानं वर पण नाय बघितलं, म्हणाला चला. चढायचा कागद तू दिलास. उतरायचा दिलाच नाय."

बद्रुद्दीनने पासला हात लावला नाही. बाहेर कोणीतरी जीपचं दार आपटलं.

"उतरायला कागद लागत नाय, खाला," तो शेवटी म्हणाला. "चढायलाच लागतो फक्त. उतरताना कोण विचारत नाय."

खाला ऐकत राहिली. मग तिचा चेहरा सैल झाला. इतकी वर्षं मी तिला पाहतोय, तो चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. लग्नघरातल्या बाईसारखा. तिने शेजारी नजर टाकली, जरा वर, तिच्यापेक्षा उंच माणसाकडे बघावं तशी.

ती दाराकडे वळली. बद्रुद्दीनने वाटेतलं स्टूल ओढून बाजूला घेतलं. खालाला जायला जागा होती. त्याने ते का ओढलं, त्याचं त्यालाही कळलं नसावं.

पायरी उतरून ती थांबली. मागचा माणूस चपला घालेपर्यंत आपण थांबतो, तेवढीच. मग जीपच्या थांब्याकडे चालत गेली.