वजरीला लागलेलं रक्त

मित्रांनो, तुमच्या मोरीच्या कोपऱ्यात माझी एखादी बहीण नक्की पडलेली असेल. मी टाचा घासायची वजरी, कर्जतजवळच्या कडाव गावची, जुनी. माझा जन्म आगीतला. वीटभट्टीत जास्त भाजून मी फुगले, काळी पडले, अंगभर भोकं पडली. बांधकामाला निकामी म्हणून फेकलेल्या मला अंबाबाईंनी पदराला पुसून घरी आणलं. लावणीच्या चिखलानं भेगाळलेल्या त्यांच्या टाचा मी वर्षानुवर्षं घासल्या. "माजी वजरी म्हंजे लोणी हाय," त्या म्हणायच्या.

हर्षला त्यांच्या भावाची लेक. पाळी चुकली की तिच्या जबड्यावर मुरमं उठायची, टपोरी, ठणकणारी. लग्न ठरलं तशी तिनं दुकानातून गोरं करणारी ट्यूब आणली. महिनाभर चेहरा काचेसारखा चमकला. मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. घाबरून ट्यूब थांबवली, तर चेहरा पेटलाच.

हळदीच्या आदल्या दिवशी अंबाबाईंनी तिला मोरीत धरलं.

"मुरमं कसली? मळ हाय त्यो. घासला का जातो!"

"आत्या, सोड गं! आग होते!"

"गप! उद्या बाया तोंड बघतील का टाच?"

त्यांनी तिची वेणी मुठीत आवळली, गालावर लिंबू पिळलं आणि मला टेकवलं. मित्रांनो, मला दगडासारखी टाच ठाऊक; गाल ठाऊक नव्हता. मी ओरबाडत गेले. मुरमं फुटली, कातडी सोलली, माझ्या भोकाभोकांत रक्त भरलं. हर्षलाची किंकाळी फुटली तेव्हा कुठे अंबाबाईंचा हात थिजला.

कर्जतच्या डॉक्टरीणबाई कडाडल्या, "मळ नाही हा! आतल्या हार्मोन्सचा तोल बिघडलाय. त्यात ट्यूबमधल्या स्टिरॉइडनं कातडी पातळ केली, आणि तुम्ही ती खरवडलीत! जखम भरेपर्यंत हळद नको, लिंबू नको. नाहीतर डाग जन्मभर राहतील."

दुसऱ्या दिवशी मांडवात हळदीची वाटी आली. "तोंडाला हळद नाय, तर लगीन कसलं गं?" म्हणत हर्षलाची काकू सरसावली. हर्षला मागं सरली. तेवढ्यात मला मुठीत धरून अंबाबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"पायाला लाव. तोंडाकडं बोट नेलंस, तर या वजरीनं तुजंच थोबाड सोलीन!"

काकू वाटी घेऊन हर्षलाच्या पायाशी बसली. मग अंबाबाईंनीच गाणं धरलं:

हळद पिवळी गं, लावा लेकीच्या पावलाला,
वारा बी हळू लागो, माज्या मैनेच्या गालाला.

मित्रांनो, मुरूम म्हणजे मळ नव्हे. त्याचं मूळ आत असतं. तिथवर मी कितीही घासलं तरी पोचत नाही. टाचा खुशाल माझ्याकडे द्या. चेहरा मात्र माझ्या हवाली करू नका, घासणारा हात कितीही मायेचा असला तरी.