सदा-दिगूची डीव्हीडी

मी डीव्हीडी बोलतेय. कोरियन गुंडांच्या सिनेमाची डीव्हीडी, तेव्हा जरा जपून! माझ्या पोटात सुरे आहेत, बॅटी आहेत, काळ्या सुटातली मोप माणसं आहेत. स्वभावाने मात्र मी फार प्रेमळ आहे हो. विश्वास बसत नसेल तर साउथहॅम्प्टनला या आणि पद्माकर डॉक्टरांना विचारा.

माझी गोष्ट साधी आहे. दोन जिवलग मित्र एकाच टोळीत वाढतात. गावाबाहेर दोघांची मिळून एक जमीन असते. एका पुढाऱ्याचा तिच्यावर डोळा असतो. तो एका मित्राला खुर्चीचं गाजर दाखवतो, आणि तो पठ्ठ्या दुसऱ्याला न विचारता जमीन देऊन मोकळा होतो. शेवटी दोघं बंदरावर समोरासमोर येतात आणि ज्याने दगा दिला तोच मित्राला भोसकतो. ढसाढसा रडावं असा शेवट आहे.

माझा पहिला मालक मँचेस्टरला शिकणारा एक मुलगा. त्याने मला एकदा पाहिलं आणि मग वर्षभर माझ्यावर चहाचा मग ठेवला. कोर्स संपल्यावर आईबापांनी त्याला गाडीत घातलं आणि मला चॅरिटी शॉपच्या पिशवीत. अशी मी त्यांच्या गावी, साउथहॅम्प्टनच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात, विणलेल्या टोप्यांच्या शेजारी येऊन पडले.

तिथे एका शनिवारी दोन रिटायर्ड डॉक्टर शिरले. पद्माकर भूल देणारे, अवधूत हाडं जोडणारे. दोघं तरुणपणी एकाच हॉस्पिटलात रुजू झाले, एकाच घरात भाड्याने राहिले, एकाच कुकरमधली खिचडी खाल्ली. माझ्या कव्हरवर पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन गुंड बघून अवधूत ओरडले, "पद्या, हे बघ, आपण दोघं!"

"हॅ! माझं पोट एवढं सपाट कधी होतं?" पद्माकर म्हणाले, पण मला घेतलं. मुक्काम त्यांच्या घरी ठरला, कारण टीव्ही त्यांचा मोठा.

तेव्हापासून रविवार दुपार माझी. अलकाताई, म्हणजे पद्माकरांच्या बायको, चहा नि कांदाभजी आणून ठेवायच्या आणि "शी, काय मेली ती मारामारी!" असं म्हणत तिथेच बसून शेवटपर्यंत बघायच्या.

मग हळूहळू पद्माकरांच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं. कडेचं दिसतं, पण बघू तिथे मधोमध धुकं. चेहरे पुसट, अक्षरं तर गायबच. सबटायटल्स वाचणार कशी? पण बोलायचं नाही! एका रविवारी ते नुसतं म्हणाले, "अवध्या, आज तू वाच. चष्मा सापडत नाहीये."

चष्मा नाकावर होता. अवधूतांनी तो बघितला आणि काही न बोलता वाचायला लागले. तेव्हाच मला हा माणूस आवडला.

आणि वाचायला लागले म्हणजे काय, धमाल उडवून दिली! पडद्यावरचं इंग्रजी थेट मराठीत. कोरियन नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून बिचारा भोळा मित्र झाला सदा, दगाबाज मित्र झाला दिगू आणि पुढारी झाले भाऊसाहेब. माझ्यातले गुंड मोठ्यांसमोर कमरेत वाकतात ना, त्याचं अवधूतांना फार कौतुक. म्हणून त्यांचे गुंड सुरा काढतानाही म्हणायचे, "अहो साहेब, माफ करा हं, जरा टोचेल." हसून हसून पद्माकरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मी गंभीर सिनेमा आहे, पण खरं सांगते, त्या खोलीत मला कधी अपमान वाटला नाही.

आता जमिनीचं सांगते. या दोघांची खरोखरच एक जमीन होती. इथे कौन्सिल भाजीपाला लावायला तुकडे भाड्याने देतं, अलॉटमेंट म्हणतात त्याला. वर्षानुवर्षं वाट बघून दोघांनी मिळून एक तुकडा मिळवला होता. एक अर्धं अवधूतांचं, तिथे बटाटे नि आंबट देठांचं रुबार्ब. दुसरं पद्माकरांचं, तिथे मेथी, मुळे, कोथिंबीर. पद्माकर पाल्याला हात लावून सांगायचे, ही झाली काढायला. मातीत त्यांना डोळ्यांची फारशी गरज पडत नसे.

गेल्या वर्षी त्या अलॉटमेंटच्या सोसायटीची निवडणूक आली आणि अवधूत चेअरमनपदाला उभे राहिले. प्रचाराला काय, तर अलकाताईंनी तळलेले बटाटेवडे! गोरी माणसं चटणीला हाहू करत मतं देऊन गेली. अवधूत निवडून आले आणि त्यांच्या अंगात खुर्ची शिरली. छातीवर बॅज काय, गमबूट पॉलिश काय!

तिथल्या एका कौन्सिलरच्या मेहुणीला जागा हवी होती. वेटिंग लिस्ट ही एवढी लांब. कौन्सिलर गोड हसून म्हणाला, डॉक्टर, तुम्ही तिची सोय बघा, मी तुमच्या लोकांना पाण्याचे नवे नळ देतो. नळांसाठी सगळे किती दिवस रडत होते. अवधूतांनी विचार केला आणि सोय बघितली. पद्माकरांचं अर्धं देऊन टाकलं, पद्माकरांना न विचारता.

पुढच्या रविवारी मी प्लेअरमध्ये गरगर फिरत होते, तेव्हा ही बातमी फुटली.

"माझी मेथी होती तिथे," पद्माकर म्हणाले.

"अरे, नळ आले ना सगळ्यांना! आणि तुला आता दिसत नाही धड, तू काय करणार होतास अर्ध्या जमिनीचं?"

बोलून गेला बाबा. चष्म्याचं गुपित एवढं जपणारा माणूस, आणि नेमकं हेच बोलून गेला. अलकाताईंच्या हातातला झारा तसाच राहिला.

"भाऊसाहेबांनी पण दिगूला हेच शिकवलं होतं," पद्माकर शांतपणे म्हणाले. "नीघ, अवध्या."

संपलं. अख्खा उन्हाळा अवधूत फिरकले नाहीत. अलकाताईंनी एकदा मला वाचून बघितलं, पण त्या औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्या तसं वाचायच्या. मुलगी वरदा आली, ती इथेच जन्मलेली. म्हणाली, "बाबा, इट्स ऑनलाइन नाऊ, इंग्लिश डबिंगमध्ये. मी लावते ना तुमच्यासाठी." लावलं. सदा अमेरिकन माणसासारखा बोलायला लागला. पद्माकर पाच मिनिटांत उठून भांडी विसळायला गेले. नंतर एका दुपारी त्यांनी मला एकट्याने लावलं आणि समजत नसलेलं कोरियन ऐकत बसले. तेव्हा मला फार वाईट वाटलं. माझ्यात सगळं होतं, पण त्यांना हवा होता तो आवाज माझ्यात नव्हता.

मग दिवाळी आली. भांडण असो नाहीतर काही असो, फराळाचा डबा चुकत नाही. अवधूतांच्या नीनाताई चकल्यांनी भरलेला स्टीलचा डबा दारात ठेवून गेल्या. आता तुम्हाला माहीतच आहे, आलेला डबा रिकामा परत पाठवत नाहीत. अलकाताई शंकरपाळे काढायला निघाल्या, तर पद्माकर म्हणाले, "थांब. मी भरतो."

आणि त्यांनी काय भरावं? मला! किचन रोलमध्ये गुंडाळलं, डब्यात आडवं घातलं आणि पुटपुटले, "घे म्हणावं तुझा दिगू. संपला हिशेब." झाकण लागलं. आत काळोख आणि चकलीचा चुरा. मी म्हटलं, संपलं आपलं आयुष्य. वरदा त्याच बाजूला चालली होती, तिच्या हाती डबा रवाना झाला.

अवधूतांनी झाकण उघडलं. मला वर काढलं, चुरा फुंकला आणि उलटसुलट करून बघितलं. मग चेहरा असा काही उजळला म्हणून सांगू! "नीना! अगं, पद्याने बोलावलंय!"

आता मी काय बोलणार! डब्यातून येतं ते प्रेमानेच येतं, एवढंच त्या भल्या माणसाला ठाऊक. तोंडावर मारलेली वस्तू त्याने आमंत्रण म्हणून छातीशी धरली.

रविवारी दुपारी बेल वाजली. पद्माकरांनी दार उघडलं. अवधूत मला हातात धरून उभे. "चहा टाकायला सांग," म्हणाले आणि सरळ आत येऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. पद्माकर मागोमाग आत आले. दारात आलेल्या माणसाला डबा का पाठवला होता हे सांगायचं, तर सांगणार कसं? अलकाताई तोवर भज्यांना कांदा चिरायलाही लागल्या होत्या.

सिनेमा सुरू झाला. अवधूत वाचत होते, पण विनोद नाही, काही नाही. पद्माकर भिंतीकडे बघत बसलेले. अशी मी बंदरापर्यंत पोचले. दिगू सदासमोर उभा राहतो. तिथे त्याचं खरं वाक्य आहे, 'आज थंडी फार आहे.' बस, एवढंच.

अवधूतांनी वाचलं, "सदा, चुकलो रे मी. तुझी जमीन होती, तुला विचारायला हवं होतं. आणि जे बोललो ते तर... जीभ झडायला हवी होती माझी."

पद्माकरांची मान वळली. "हे नाहीये तिथे."

"आहे. खाली लिहिलंय."

"तिथे थंडी आहे. मला पाठ आहे, अवध्या."

"पुढे ऐक," अवधूत घाईघाईने म्हणाले. "दिगू म्हणतो, ती बाई चांगली आहे, आता तिला काढता येत नाही. पण चेअरमनकी मी सोडली. माझं जे अर्धं उरलंय ते दोघांचं. बटाटे काढून टाकलेत. लिहिलंय सगळं."

मग पद्माकरांच्या खांद्यांना हसू फुटलं, आणि डोळे भरूनही आले.

"सदा काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. नुसता बघतोय."

"मग मी सांगतो काय म्हणतो. म्हणतो, मेथी मी लावणार, तण तू काढायचं. आणि गाढवा, इतके दिवस कुठे मेला होतास?"

अवधूतांनी नाक पुसलं. पडद्यावर दिगूचा हात कोटाच्या खिशाकडे निघाला होता, सुऱ्यासाठी. पद्माकर म्हणाले, "थांबव. पुढचं नको."

अवधूतांनी थांबवलं.

आता दर रविवारी ते मला तिथेच थांबवतात. अंगावर ओरखडे पडलेत, मधेच अडखळते, कधी कधी जपून पुसावं लागतं. एकच मागणं आहे. मी पुरती बंद पडले तर मला फेकू नका, मेथीच्या वाफ्यावर दोरीने टांगा, चमकून पाखरं हाकलेन. तोवर माझं बरं चाललंय. माझ्यातली शेवटची दहा मिनिटं या घरात कुणाला बघायची नसतात. या घरात सदा आणि दिगू बंदरावर समोरासमोर उभे आहेत, दोघंही जिवंत, आणि भजी गरम आहेत.