परवाना ऑर्डेलच्या नावावर

गुरुवारच्या पेपरात सातव्या पानावर सालाबादप्रमाणे ती चौकट आली होती. 'धोका. पातळ बर्फ. लिटल स्पून तळ्याच्या पश्चिम भागात हवेचा पंप चालू असल्याने पाणी उघडे राहील. माणसांनी व वाहनांनी दूर राहावे.' खाली ठळक अक्षरांत नाव होतं, 'परवानाधारक : ऑर्डेल हाउगस्टाड.' गेली एकोणीस वर्षं हे नाव त्या चौकटीत येत होतं. ऑर्डेलने ते यंदाही चष्मा लावून एकेक अक्षर तपासत वाचलं. मग त्याची नजर शेजारी गेली.

शेजारी चार रकाने व्यापणारा फोटो होता. वेंडल प्रुझाक आपल्या गॅरेजमध्ये, नव्या यंत्रावर हात ठेवून हसत उभा. वर मथळा : 'तळं वाचवणारा माणूस.'

"फोटो झकास आलाय," त्याची बायको मार्लिस खांद्यावरून डोकावत म्हणाली.

"यंत्राचा?"

"वेंडलचा. यंत्र काय, यंत्रासारखंच दिसतंय."

ऑर्डेलने पेपरची घडी घातली. फोटो आत जाईल अशी.

लिटल स्पून तळं उथळ. सगळ्यात खोल जागा चौदा फूट. हिवाळ्यात बर्फ धरला आणि त्यावर हिमाचा थर बसला की आत उजेड जात नाही, पाण्यातली हवा संपते आणि मासे गुदमरतात. गावचा मासेमारी क्लब दर दोन वर्षांनी त्यात वॉलआय माशांची पिल्लं सोडतो. ती जगावीत म्हणून पंप. पंप चालला की वरचा बर्फ वितळून मोठं भोक पडतं, आणि त्या भोकाची जबाबदारी परवानाधारकाची.

मागच्या फेब्रुवारीत ऑर्डेलच्या जुन्या पंपाचं बेअरिंग गेलं. सुटा भाग यायला अकरा दिवस लागले. एप्रिलमध्ये बर्फ वितळला तेव्हा काठाला मेलेल्या वॉलआयचा पांढरा पट्टा लागला होता आणि वास मे महिन्यापर्यंत गेला नाही. ऑर्डेलला कोणी काही बोललं नाही. मिनेसोटातल्या या भागात लोक बोलत नाहीत, यावरूनच काय ते समजायचं.

वेंडल तीन वर्षांपूर्वी बायको वारल्यावर विस्कॉन्सिनमधून आला आणि त्याने पश्चिम काठावर घर घेतलं. बत्तीस वर्षं डेअरीतली यंत्रं सांभाळलेला माणूस. त्याने उन्हाळ्यात तळ्याच्या तळाशी नळ्या टाकल्या, गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर बसवला, आणि हे सगळं करताना एकदाही मोठ्याने बोलला नाही. ऑक्टोबरच्या बैठकीत परवाना त्याच्या नावावर करायचा विषय निघाला, तर हाच उठून म्हणाला, "नाव ऑर्डेलचंच राहू द्या. इतकी वर्षं त्याने सांभाळलंय." टाळ्या वाजल्या. नाव ऑर्डेलचं राहिलं आणि टाळ्या वेंडलला मिळाल्या. तेव्हापासून ऑर्डेलला त्या माणसाची टोपीसुद्धा बघवत नसे.

त्याच दुपारी लव्हॉन आली. क्लबची अध्यक्ष, आणि पोटासाठी विमा एजंट. बूट दारात काढून ती स्वयंपाकघरात बसली आणि एक अर्ज तिने टेबलावर सरकवला.

"ऑर्डेल, सरळच सांगते. क्लबच्या विम्यातून कंपनीने ते उघडं पाणी वगळलंय. उद्या कोणी आत गेलं, तर परवान्यावर ज्याचं नाव, तो एकटा कोर्टात उभा."

"एकोणीस वर्षांत कोणी गेलं का?"

"नाही गेलं. पण वेंडलकडे स्वतःची वेगळी पॉलिसी आहे. तो नाव घ्यायला तयार आहे. तुम्ही इथे सही करा, तो खाली करेल. तुमचं घर, ट्रक, सगळं मोकळं."

"तोच म्हणाला होता ना, नाव माझं राहू दे?"

"तेव्हा तो तुमच्यासाठी म्हणाला. आताही तुमच्यासाठीच म्हणतोय."

"फार करतो माझ्यासाठी."

लव्हॉनने मार्लिसकडे पाहिलं. मार्लिसने लेमन बारची, लिंबाच्या गोड वड्यांची, ताटली पुढे केली.

"मी पाट्या लावतो, पेपरात दोनदा जाहिरात देतो," ऑर्डेल म्हणाला. "कायदा आणखी काय मागतो?"

"पाट्या आणि जाहिरात असली की बरीचशी सुटका होते. पण धोका ठाऊक असून माणूस गप्प बसला, तर पाटीचा काही उपयोग नाही. वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, तुम्हाला माहीत होतं का आणि कधीपासून."

"मला सगळं माहीत असतं. म्हणूनच परवाना माझा आहे."

अर्ज ती टेबलावरच ठेवून गेली. मार्लिसने उरलेले लेमन बार डब्यात भरायला घेतले.

"ते कुणाला?"

"वेंडलला. एकटा आहे बिचारा. तुला कोर्टात जायची हौस असेल तर जा बाबा, पण माझं घर बरोबर नेऊ नकोस. त्याच्यावर जळायला घर गहाण टाकायची गरज नाही, फुकटात जळता येतं."

ऑर्डेल ट्रक घेऊन तळ्यावर गेला.

पाट्या जागच्या जागी होत्या. पण पाट्यांच्या मधे, उघड्या पाण्याच्या सगळ्या बाजूंनी, नाताळची टाकून दिलेली झाडं बर्फात उभी होती. सरळ, सारख्या अंतरावर. त्याने मोजली. त्रेचाळीस. एका टोकाची ओळ तर लांबत थेट मासेमारीच्या खोपट्यांकडे जाणाऱ्या बर्फावरच्या रस्त्यापर्यंत आली होती. वेंडलने ती गावभर फिरून गोळा केल्याचं त्याच्या कानावर आलं होतंच. पाट्या हिमाने झाकल्या जातात, झाड लांबून दिसतं, असं तो म्हणत होता म्हणे. लोक म्हणत होते, किती विचार करतो.

ऑर्डेल ट्रकमध्ये बसून बघत राहिला, आणि हळूहळू त्याच्या छातीत काहीतरी हलकं झालं.

या तळ्यावर झाड म्हणजे रस्ता. त्याच्या बापाच्या काळापासून बर्फावर हिम सारून केलेल्या वाटेच्या दोन्ही अंगांना नाताळची झाडं रोवतात. वारा सुटून समोरचं दिसेनासं झालं की एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत गाडी न्यायची. लहान पोरालाही ठाऊक. वेंडलच्या मुलखात झाड म्हणजे भोक असणार. तिकडे तशी पद्धत असते, ऑर्डेलने ऐकलं होतं. त्या माणसाने सगळ्या गावाच्या देखत पाण्याकडे जाणारा रस्ता आखून ठेवला होता, आणि गाव वाहवा करत होतं.

त्याच क्षणी फोन उचलायला हवा होता. ऑर्डेलने उचलला नाही. शनिवारी क्लबची बर्फावर मासेमारीची स्पर्धा होती, तिथल्या तंबूत ऐंशी-नव्वद माणसं असणार. तिथे, कॉफीच्या वेळी, अगदी शांतपणे बोलायचं त्याने ठरवलं. 'वेंडल, कल्पना चांगली आहे. पण इथे झाड म्हणजे रस्ता.' एवढंच. हे वाक्य घरी जाताना त्याने चार वेळा म्हणून पाहिलं. दोन दिवस हवामान स्वच्छ होतं. दोन दिवसांत काय होतंय?

शुक्रवारी काही झालं नाही. शनिवारी सकाळी साडेनऊला वारा सुटला.

हिम पडत नव्हतं, पण पडलेलं उठलं होतं. कंबरेच्या वर सगळं पांढरं. ऑर्डेल स्नोमोबिलवरून तंबूकडे निघाला होता, तेव्हा डावीकडे त्याला दोन पिवळे दिवे दिसले. रस्त्यापासून बरेच पश्चिमेला. दिवे सावकाश पुढे जात होते, थांबत होते, पुन्हा पुढे. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत.

त्याने गाडी वळवली आणि कान बधिर होईस्तोवर पळवली. पिकअपच्या पुढे जाऊन आडवी घातली. पिकअप घसरत त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ऑर्डेलने मागे वळून पाहिलं तर पाण्याची काळी कड साठेक पावलांवर होती.

काच खाली झाली. क्लिफ ऑस्बी, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. शेजारी त्याची बायको जॉइस, मांडीवर तंबूतल्या जेवणासाठी केलेल्या हॉटडिशचं गरम भांडं.

"काय रे ऑर्डेल, मरायचंय का?"

"पुढे पाणी आहे."

"पाणी कसं असेल? झाडं आहेत की."

जॉइसने भांडं घट्ट धरलं.

तंबूत हीटर घोंघावत होता. क्लिफने सगळ्यांना सांगितलं, दोनदा, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज फाटला. लोक कॉफीचे कप धरून ऐकत होते. वेंडलचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने टोपी काढली आणि जॉइससमोर जाऊन उभा राहिला.

"चूक माझी," तो म्हणाला. "आमच्याकडे झाड लावतात ते लांब राहा म्हणून. इथलं विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. सगळी चूक माझी."

"अरे, तुला कसं माहीत असणार," कोणीतरी म्हणालं. दुसऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. जॉइसने त्याचा हात हातात घेतला. ऑर्डेलच्या मागे एक जण हलक्या आवाजात म्हणाला, "असं सरळ कबूल करायला छाती लागते."

ऑर्डेल ऐकत होता. क्लिफला अडवलं त्याने, आणि हात वेंडलचा धरला गेला. तळं वाचवलं ते वेंडलने, आणि आता चूकही वेंडलचीच, आणि तीही इतकी देखणी. दोन दिवस जपून ठेवलेलं वाक्य कोणाला लागणार नव्हतं. त्याला ते सहन होईना.

"चूक त्याची नाही," तो म्हणाला. "परवाना माझा आहे. ती झाडं मी गुरुवारीच पाहिली होती."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"पाहिली म्हणजे?" कॉफीच्या टेबलामागून मार्लिसने विचारलं.

"पाहिली म्हणजे कळलं. लगेच."

"मग बोलला का नाहीस?"

"आज बोलणार होतो. सगळ्यांसमोर."

क्लिफने कप खाली ठेवला. ऑर्डेलला वाटलं तो अंगावर येईल. तो आला नाही. जॉइसला घेऊन तंबूच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि ते जास्त वाईट होतं.

लव्हॉन त्याच्याजवळ आली. "ऑर्डेल, विमा एजंट म्हणून मी हे ऐकलेलं नाही," ती हळू म्हणाली. "अध्यक्ष म्हणून ऐकलंय. अर्जाची दुसरी प्रत माझ्या गाडीत आहे."

"माहितीये."

वारा दुपारी पडला. बारा जण झाडं उपटायला गेले. ऑर्डेलला कोणी बोलावलं नाही, तो आपला गेला. झाडांच्या बुडाशी पाणी ओतून ती गोठवलेली होती, पक्कं काम. कुऱ्हाडीने फोडावी लागली. बराच वेळ तो आणि वेंडल एकाच झाडाशी झटत होते.

"माझ्यावर राग होता तर माझ्यावर काढायचास," वेंडल म्हणाला. त्याला पहिल्यांदाच चिडलेलं पाहत होता ऑर्डेल. "मला चारचौघांत मूर्ख म्हणायचं होतं, म्हणायचंस. जॉइस काय तुझी प्रेक्षक होती?"

ऑर्डेलने कुऱ्हाड पुन्हा मारली. झाड सुटलं, तसं दोघांनी दोन टोकं धरून ते ओढत नेलं.

लव्हॉनने अर्ज गाडीच्या बॉनेटवर पसरला. ऑर्डेलने हातमोजा काढला. बोटं गारठली होती, सही वेडीवाकडी आली, शेवटची दोन अक्षरं रेघेखाली उतरली. त्याने पेन वेंडलकडे दिलं आणि बाजूला झाला नाही, तिथेच उभा राहून बघत राहिला. वेंडलची बोटंही तेवढीच गारठली असणार. तरी त्याचं अक्षर सुरेख होतं.